प्रतिकारशक्ती कमी पडली, की चुकीच्या दिशेने वळली? पुण्यातील जीबीएसच्या साथीने शिकवलेले

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात एक अनोळखी नाव घराघरात पोहोचले: गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस. सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांतून हातापायांतील ताकद गेलेले रुग्ण एकामागून एक रुग्णालयांत येऊ लागले. फेब्रुवारीपर्यंत संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. त्यांत लहान मुले होती, तरुण होते, वयस्कर माणसेही होती. अनेकांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले, काही कृत्रिम श्वासयंत्रावर गेले, काही दगावले.

एरवी हा आजार विरळ आहे. वर्षभरात एक लाख लोकांमागे साधारण एक-दोन जणांना तो होतो. त्यामुळे एकाच परिसरात, काही आठवड्यांत इतके रुग्ण दिसणे ही गंभीर गोष्ट होती. राज्याच्या आरोग्य विभागाने शीघ्र प्रतिसाद पथक नेमले, केंद्राचे पथक आले. पुण्यातीलच राष्ट्रीय विषाणू संस्थेत रुग्णांच्या शौचाचे नमुने तपासले गेले. काही नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस सापडला. दोन्ही दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातात आणि जुलाब घडवतात.

त्या दिवसांत लोकांच्या मनात दोन प्रश्न सर्वाधिक होते. पहिला, ‘हा आजार पसरतो का?’ दुसरा, ‘प्रतिकारशक्ती वाढवायला काय घ्यावे?’ पहिल्याचे उत्तर सोपे आहे. जीबीएस स्वतः एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. पसरतो तो त्याआधीचा जुलाबाचा संसर्ग. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नीट समजून घ्यायला हवे. कारण जीबीएस हा प्रतिकारशक्ती कमी असल्याचा आजार नाही. प्रतिकारसंस्थेने जोमाने काम केले, पण नेम चुकला, म्हणून होणारा हा आजार आहे.

म्हणून या लेखात या साथीच्या निमित्ताने प्रतिकारसंस्था कशी चालते ते पाहू. ते एकदा समजले की कोणत्या लक्षणाला घाबरायचे, कशावर पैसे घालवायचे नाहीत आणि डॉक्टरांना काय विचारायचे, हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

‘शक्ती’ या शब्दाचा घोटाळा

‘प्रतिकारशक्ती’ म्हटले की आपल्याला पाण्याची टाकी आठवते. टाकी भरलेली असेल तर आपण सुरक्षित, रिकामी असेल तर आजारी. म्हणजे वरून काहीतरी ओतले की काम झाले. प्रत्यक्षात शरीरात अशी टाकी नाही आणि तिची पातळी सांगणारी एकच अशी तपासणीही नाही.

शरीरात आहे ती एक संस्था. तिचे एकच ठिकाण नाही. हाडांच्या आतील मगजात तिच्या पेशी तयार होतात. छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत त्यांतल्या काहींचे शिक्षण होते. मान, काख आणि जांघेतील गाठी, प्लीहा, टॉन्सिल आणि आतड्याचे अस्तर ही त्यांची ठाणी आहेत. रक्त आणि लसिका या वाटांनी त्या शरीरभर गस्त घालतात. या संस्थेची तीन कामे आहेत: परके काय आणि आपले काय हे ओळखणे, परक्याचा बंदोबस्त करणे आणि काम झाल्यावर थांबणे. आपण बोलतो ते फक्त मधल्या कामाबद्दल. आजारांची गोष्ट मात्र बरेचदा पहिल्या आणि तिसऱ्या कामात दडलेली असते.

दूषित पाण्याचा एक घोट: शरीरात काय घडते?

समजा, कॅम्पायलोबॅक्टर असलेले पाणी तुम्ही प्यालात. जंतूला अडवणारा पहिला अडथळा म्हणजे जठरातील आम्ल. बरेच जंतू तिथेच मरतात. उरलेले आतड्यात पोहोचले की तिथला चिकट थर आणि तिथे वस्तीला असलेले नेहमीचे निरुपद्रवी जीवाणू त्यांना सहज जागा देत नाहीत. त्वचा, नाकातील शेंबूड, डोळ्यांतील पाणी, लाळ ही सगळी याच पहिल्या तटबंदीची रूपे आहेत.

तटबंदी ओलांडून जंतू अस्तरात शिरला की दुसरी फळी उभी राहते. काही पांढऱ्या पेशी जंतूंना अक्षरशः गिळतात. त्या रासायनिक संदेश सोडतात, तिथला रक्तपुरवठा वाढतो, सूज येते, ताप चढतो, पोटात कळा येतात, जुलाब होतात. म्हणजे आपल्याला जो ‘आजार’ जाणवतो त्याचा बराच भाग हा शरीराने दिलेला प्रतिसाद असतो. ही फळी काही तासांत कामाला लागते. तिला जंतूचे नेमके नाव-गाव कळत नाही. ‘हा जंतूसारखा दिसतो’ एवढ्यावर ती हल्ला करते. ही आपली जन्मजात प्रतिकारक्षमता.

तिसरी फळी मात्र नेमकी असते. तिच्यात दोन प्रकारच्या पेशी मुख्य आहेत, बी पेशी आणि टी पेशी. प्रत्येक बी आणि टी पेशीवर एक विशिष्ट आकाराची खूण असते, कुलपासारखी. त्यात बसणारी किल्ली, म्हणजे जंतूचा एखादा तुकडा सापडला, तरच ती पेशी जागी होते. शरीरात अशी वेगवेगळी कोट्यवधी कुलपे आधीपासून तयार असतात. जागी झालेली पेशी स्वतःच्या हजारो प्रती काढते. बी पेशींपासून तयार झालेल्या पेशी रक्तात प्रतिपिंडे सोडतात. यांनाच आपण अँटिबॉडी म्हणतो. प्रतिपिंडे जंतूला चिकटतात आणि ‘याला मारा’ अशी खूण करून ठेवतात. टी पेशींपैकी काही संसर्ग झालेल्या पेशींना मारतात, तर काही इतर पेशींना हुकूम देतात.

या सगळ्याला वेळ लागतो. नवीन जंतू असेल तर पुरेशी प्रतिपिंडे तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, थोड्या स्मृतिपेशी म्हणून मागे राहतात. पुढच्या वेळी तोच जंतू आला तर त्या झटपट उठतात. लसीचे तत्त्व हेच आहे: प्रत्यक्ष आजार न होता ही ओळख करून देणे.

एक ते दोन आठवडे हा कालावधी लक्षात ठेवा. जीबीएस समजायला तो महत्त्वाचा आहे.

नेम कुठे चुकतो?

जीबीएसच्या बहुतेक रुग्णांची हकिगत सारखी असते. आधी जुलाब किंवा सर्दी-ताप होऊन गेलेला असतो. दोन-चार दिवसांत बरे वाटते, माणूस कामावर जाऊ लागतो. मग एक ते तीन आठवड्यांनी पायांना मुंग्या येतात, जिना चढताना पाय जड होतात, बसल्यावर उठता येत नाही. अशक्तपणा पायांकडून वर सरकू लागतो.

घरचे चक्रावतात. ‘जुलाब तर केव्हाच थांबले होते!’ बरोबर आहे. जंतू बहुधा हरलेलाच असतो. पण त्याला हरवण्यासाठी तयार झालेली प्रतिपिंडे नेमकी याच सुमारास भरात आलेली असतात.

कॅम्पायलोबॅक्टरच्या बाहेरच्या आवरणावर काही शर्करायुक्त रेणू असतात. त्यांची घडण आपल्या नसांच्या पृष्ठभागावरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी विलक्षण जुळते. जपानमधील संशोधकांनी १९९३ मध्ये हे साम्य दाखवून दिले. चोराचा शर्ट आणि घरच्या माणसाचा शर्ट एकाच कापडाचा निघावा, तसे हे आहे. जंतूविरुद्ध बनलेली प्रतिपिंडे नसांना जाऊन चिकटतात. मग प्रतिकारसंस्थेची बाकीची यंत्रणा तिथे पोहोचते आणि नसांचे बाहेरचे आवरण किंवा आतील तंतू यांना इजा करते. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचत नाही. स्नायू शाबूत असतो, मेंदू शाबूत असतो, पण मधली तार तुटल्यासारखी होते.

हे प्रत्येकाला होत नाही. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजार जणांपैकी एखाद्यालाच जीबीएस होतो. जंतूचा उपप्रकार आणि त्या माणसाच्या प्रतिकारसंस्थेची ठेवण या दोन्हींवर ते अवलंबून असते. म्हणूनच एकाच घरात, एकाच नळाचे पाणी पिऊन चौघांना जुलाब होतात आणि एकालाच जीबीएस होतो. तो एक जण ‘नाजूक’ होता, त्याने नीट खाल्ले-प्यायले नाही, असे याचे कारण नाही. धडधाकट, व्यायाम करणाऱ्या तरुणालाही हा आजार होतो. रुग्णाच्या आईने किंवा पत्नीने ‘आमच्याच काळजीत कमतरता राहिली’ असे म्हणत स्वतःला दोष द्यायचे काहीही कारण नाही.

शरीराचे ब्रेक आणि २०२५ चे नोबेल

प्रतिकारसंस्थेकडे इतकी कुलपे असतील तर त्यांतली काही आपल्याच अवयवांना बसणारी असणार. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही?

याचे एक उत्तर थायमस ग्रंथीत आहे. तिथे टी पेशींची परीक्षा होते. जी पेशी शरीराच्या स्वतःच्या रेणूंवर जोरात तुटून पडते तिला तिथेच संपवले जाते. तयार होणाऱ्या टी पेशींपैकी बहुसंख्य या टप्प्यातून बाहेरच पडत नाहीत. पण ही परीक्षा शंभर टक्के अचूक नसते. काही धोकादायक पेशी सुटतातच.

त्यांना आवरणारी दुसरी व्यवस्था शोधल्याबद्दल २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना देण्यात आले. साकागुची यांनी १९९५ मध्ये टी पेशींचा एक वेगळा गट दाखवून दिला. या पेशी हल्ला करत नाहीत. हल्ला करणाऱ्यांना आवरतात. त्यांना नियामक टी पेशी म्हणतात. ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये फॉक्स-पी-३ हे जनुक शोधले. ते बिघडले तर उंदरांमध्ये आणि लहान बाळांमध्ये प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर तुटून पडते. पुढे स्पष्ट झाले की हेच जनुक नियामक टी पेशी घडवते.

हे संशोधन जीबीएसवरचे नाही. पण त्याने अधोरेखित केलेली गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे: प्रतिकारसंस्थेला ब्रेक असतो आणि तो नसेल तर ‘जोरदार प्रतिकारशक्ती’ हाच आजार होतो. ज्या बाळांत हा ब्रेक जन्मतःच नसतो त्यांची प्रतिकारशक्ती कमी नसते, अनावर असते.

जीबीएसमध्येही हल्ला कायम चालू राहत नाही. अशक्तपणा साधारण दोन ते चार आठवड्यांत कमाल पातळीला जातो आणि मग थांबतो. त्या काळात रुग्णाचा श्वास, रक्तदाब आणि हृदयाचे ठोके सांभाळणे हेच उपचारांचे निम्मे काम असते.

तीन वेगळे बिघाड, तीन वेगळे उपाय

‘प्रतिकारशक्तीचा त्रास’ या एका शब्दात आपण तीन अगदी वेगळ्या गोष्टी कोंबतो. त्या वेगळ्या करून पाहा.

पहिला बिघाड म्हणजे प्रतिकार खरोखर कमी पडणे. कुपोषण, नियंत्रणाबाहेर गेलेला मधुमेह, एचआयव्हीचा संसर्ग, कर्करोगाची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे, दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड ही याची नेहमीची कारणे. इथे उपाय त्या कारणावर करायचा असतो: साखर आटोक्यात आणणे, एचआयव्हीची औषधे नियमित घेणे, योग्य लसी घेणे, आहार सुधारणे.

दुसरा बिघाड म्हणजे नेम चुकणे. यात जीबीएस येतो. संधिवातातील आमवाताचा प्रकार, लहान वयात होणारा टाइप-१ मधुमेह, थायरॉइडच्या काही तक्रारी, ल्युपस हेही याच कुळातले. इथे प्रतिकार वाढवायचा नसतो. उलट तो आवरायचा किंवा त्याने केलेले नुकसान भरून काढायचे असते.

तिसरा बिघाड म्हणजे अतिरेक. दम्याचा किंवा ॲलर्जीचा झटका हे त्याचे रोजचे उदाहरण. कोविडमध्ये आपण याचे भयानक रूप पाहिले. अनेक गंभीर रुग्णांत विषाणूपेक्षा त्याला दिलेला अवाजवी प्रतिसाद फुप्फुसांना जास्त इजा करत होता. म्हणूनच २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने श्वासयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. म्हणजे प्रतिकार दाबणाऱ्या औषधाने जीव वाचवले. तेच औषध सौम्य आजारात, ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना उपयोगी पडले नाही.

आता विचार करा: ‘इम्युनिटी बूस्टर’ असे लिहिलेली एखादी बाटली या तीन बिघाडांपैकी नेमका कोणता दुरुस्त करणार आहे? बाटलीवर ते लिहिलेले नसते.

मग काढे, गोळ्या आणि पावडरींचे काय?

आले, हळद, तुळस, लिंबू हे आपल्या स्वयंपाकघरातले पदार्थ आहेत. जेवणात किंवा चहात घातले तर कोणाची हरकत असायचे कारण नाही. ड जीवनसत्त्व, लोह, झिंक यांची कमतरता तपासणीत आढळली तर ती भरून काढणे योग्यच आहे. पण कमतरता नसताना जास्त घेतल्याने प्रतिकार दुप्पट होत नाही. आणि अशा कुठल्याही गोष्टीने जीबीएस टळतो, असा पुरावा नाही.

‘नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?’ हा युक्तिवादही तपासून घ्यावा लागतो. कोविडच्या काळात गुळवेलीचे काढे आणि गोळ्या नियमित घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये नोंदवले. ती इजा प्रतिकारसंस्थेने यकृतावर हल्ला केल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने या निष्कर्षाला आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी रुग्णासाठी धडा साधा आहे. ज्यांना आमवात, ल्युपस, थायरॉइडचा स्वप्रतिकार आजार किंवा यकृताचा जुना त्रास आहे, त्यांनी प्रतिकार ‘चेतवण्याचा’ दावा करणारे काहीही डॉक्टरांना न सांगता सुरू करू नये. आणि कोणत्याही आजारासाठी रुग्णालयात गेल्यावर घेतलेला काढा किंवा चूर्ण लपवू नये.

जीबीएसच्या बाबतीत एक धोका विशेष आहे. या आजारात गिळण्याचे स्नायूही दुबळे होऊ शकतात. अशा रुग्णाला घरी ‘ताकद यावी’ म्हणून दूध, काढा किंवा सूप पाजले तर ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पाणी पिताना ठसका लागत असेल, आवाज नाकातून येत असेल किंवा बोलणे बदलले असेल तर तोंडाने काहीही देऊ नका. थेट रुग्णालय गाठा.

उपचार नेमके काय करतात?

जीबीएसवर परिणामकारक ठरलेले मुख्य उपचार दोन आहेत. पहिला, शिरेतून दिली जाणारी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी. हजारो निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे गोळा करून ही बनवतात. ती रुग्णाच्या चुकार प्रतिपिंडांच्या कामात अडथळा आणते आणि पुढची इजा रोखायला मदत करते. सहसा ती पाच दिवस देतात, दिवसाला प्रत्येक किलो वजनामागे ०.४ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या माणसाला एकूण १२० ग्रॅम. खर्च म्हणूनच काही लाखांत जातो.

दुसरा उपचार म्हणजे प्लाझ्मा बदलणे. यंत्राद्वारे रक्तातील द्रव भाग, ज्यात ही प्रतिपिंडे असतात, काढून त्याऐवजी दुसरा द्रव भरतात. साधारण दोन आठवड्यांत चार ते पाच वेळा हे करावे लागते. दोन्ही उपचारांचा परिणाम जवळपास सारखा आहे. कोणता निवडायचा हे रुग्णाची प्रकृती, रुग्णालयातील सोय आणि खर्च यांवर ठरते. ‘महागडा तोच चांगला’ असे समजून कर्ज काढण्याआधी डॉक्टरांना दुसऱ्या पर्यायाबद्दल जरूर विचारा. दोन्ही एकापाठोपाठ केल्याने जास्त फायदा होतो असे दिसलेले नाही.

मग स्टिरॉइड का देत नाहीत? प्रतिकार दाबायचा आहे तर ते चालायला हवे होते, असे कोणालाही वाटेल. पण चाचण्यांत जीबीएसमध्ये नुसत्या स्टिरॉइडचा फायदा दिसला नाही. प्रतिकारसंस्थेला अनेक ब्रेक असतात आणि प्रत्येक आजारात वेगळा ब्रेक लागतो, हेच यातून दिसते.

उपचार लवकर सुरू होणे महत्त्वाचे आहे, शक्यतो अशक्तपणा सुरू झाल्यापासून पहिल्या दोन आठवड्यांत. कारण हे उपचार हल्ला आवरतात. झालेली इजा लगेच भरून काढत नाहीत. नसांचे आवरण पुन्हा तयार व्हायला आठवडे ते महिने लागतात. आतील तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने वाढतो. म्हणून इंजेक्शनांचा कोर्स पूर्ण होऊनही रुग्ण उठला नाही तर उपचार फसले असे समजू नका. या काळात फिजिओथेरपी, कूस बदलणे, पुरेसे पोषण आणि धीर यांची गरज असते. चारपैकी सुमारे एका रुग्णाला काही काळ श्वासयंत्र लागते. पण बहुसंख्य रुग्ण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात. काहींना थकवा, मुंग्या किंवा पायातील कमजोरी बराच काळ राहते.

पैशांबद्दल: महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या आजाराच्या उपचारांना मदत मिळते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. दाखल होतानाच रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांना भेटा. बिल झाल्यावर नको.

लस घ्यायची की नाही?

प्रतिकारसंस्था चेतवल्याने जीबीएस होऊ शकतो, तर लसच नको, असा निष्कर्ष काहींनी काढला. हा प्रश्न रास्त आहे, म्हणून आकडे पाहू. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूविरुद्ध दिलेल्या लसीनंतर एक लाख जणांमागे साधारण एक जादा जीबीएसचा रुग्ण आढळला आणि ती मोहीम थांबवली गेली. त्यानंतरच्या फ्लूच्या लसींमध्ये हा धोका आढळलाच तर दहा लाखांमागे एक-दोन इतका आहे. खुद्द फ्लू झाल्यावर जीबीएस होण्याची शक्यता लसीपेक्षा जास्त असते. कॅम्पायलोबॅक्टरच्या जुलाबानंतर ती हजारात एक आहे. म्हणजे धोका मोठा आहे तो संसर्गाचा. ज्यांना आधी जीबीएस होऊन गेला आहे त्यांनी मात्र कोणतीही लस घेण्यापूर्वी आपल्या मेंदूविकारतज्ज्ञांना विचारावे.

कोणत्या लक्षणांना थांबायचे नाही?

जुलाब, ताप किंवा सर्दी होऊन गेल्यावर महिनाभराच्या आत खालीलपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा:

- दोन्ही पायांत मुंग्या किंवा बधिरपणा, आणि तो वर सरकत असणे
- जिना चढताना, उकिडवे बसून उठताना पाय न पेलणे. चप्पल पायातून निसटणे
- हातांची पकड सैल होणे, शर्टाचे बटण न लागणे
- चेहरा वाकडा होणे, डोळे पूर्ण न मिटणे, दोन-दोन दिसणे
- गिळताना ठसका, बोलणे बदलणे
- एका दमात पूर्ण वाक्य न बोलता येणे, झोपल्यावर धाप लागणे

शेवटच्या दोन लक्षणांत रुग्णवाहिका बोलवा. १०८ हा क्रमांक मोफत आहे. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून घेऊ’ किंवा ‘तेलाने मालिश करू’ यात दोन दिवस घालवू नका. सलाईनने नसांवरचा हल्ला थांबत नाही. लहान मूल नीट सांगू शकत नाही. कालपर्यंत पळणारे मूल अचानक उभे राहायला नकार देत असेल, सारखे कडेवर घ्या म्हणत असेल तर ते हट्ट करते आहे असे समजू नका.

उपाय शरीरात नाही, नळात आहे

आता मूळ मुद्दा. पुण्यातील साथीत बरेच रुग्ण शहराच्या कडेला वाढलेल्या, महापालिकेत अलीकडच्या वर्षांत आलेल्या गावांतील होते. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याची शुद्धीकरण व्यवस्था मागून येत राहिली, ही महाराष्ट्रातील अनेक शहरांची कहाणी आहे. विहीर, टँकर, बोअर, नळ असे मिश्र पाणी एकाच सोसायटीच्या टाकीत पडते. कुठल्या स्रोतात क्लोरीन आहे आणि कुठल्यात नाही, हे रहिवाशांना माहीत नसते.

अशा वेळी ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला ऐकायला निरुपद्रवी वाटतो, पण तो जबाबदारी नळावरून माणसाच्या शरीरावर ढकलतो. पाणी दूषित राहिले आणि माणसे आजारी पडली, तर दोष त्यांच्या कमी प्रतिकारशक्तीचा ठरतो. आपण पाहिले की या आजारात तर उत्तम प्रतिकारसंस्थाही वाट चुकू शकते. ती वाट चुकण्याची वेळच येऊ नये, याचा खात्रीचा मार्ग म्हणजे जंतू पोटात जाऊ न देणे.

घरी करण्यासारखे: पिण्याचे पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट ठेवा आणि झाकून गार करा. चिकन आतला गुलाबी रंग जाऊन रस स्वच्छ येईपर्यंत शिजवा. कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका. त्याचे शिंतोडे भाजी-भांड्यांवर उडतात. त्यासाठी चिरण्याचा पाट आणि सुरी वेगळी ठेवा. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. कच्चे दूध पिऊ नका.

सोसायटीत आणि गावात विचारण्यासारखे: टाकी शेवटची कधी धुतली? पाणी कुठून येते? नळाच्या टोकाला क्लोरीन किती आहे? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवे. हे तपासायचे साधे किट मिळते आणि दोन मिनिटांत आकडा कळतो. एकाच इमारतीत आठवड्याभरात चार-पाच घरांत जुलाब झाले तर ते आरोग्य केंद्राला कळवा. जीबीएसचा रुग्ण दिसेपर्यंत थांबलात, तर संसर्ग एक-दोन आठवडे आधीच घरोघर पोहोचलेला असतो.

पुढच्या वेळी कोणी ‘इम्युनिटी वाढवायला काय घेऊ?’ असे विचारले, तर त्याला आधी विचारा: तुझ्या घरी पिण्याचे पाणी कुठून येते? आणि तुमच्या घरात आधीच कोणाला स्वप्रतिकार आजार असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: माझ्या आजारात प्रतिकार कमी पडतो आहे, जास्त होतो आहे, की चुकीच्या दिशेने जातो आहे? मी घेत असलेले औषध त्याला नेमके काय करते? आणि कोणत्या लसी मी घ्याव्यात, कोणत्या टाळाव्यात? या तीन उत्तरांचा उपयोग कुठल्याही बूस्टरच्या बाटलीपेक्षा जास्त होईल.